संस्थेच्या अभ्यासवर्गातल्या मुलाने ताईला लैंगिक छळाबद्दल सांगितलं; संस्थेची चौकशी होईपर्यंत थांबावं का?

नाही, थांबू नका. आजच पोलीस ठाण्यात कळवा. पोक्सो कायदा, 2012 (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, बिनपगारी स्वयंसेवकावरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. पुरावा शोधणं तुमचं काम नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. 'दादांनी वर्ग सुटल्यावर थांबवलं' एवढंच तो म्हणाला असेल, तर तारीख घालून वहीत तेवढंच उतरवा. त्याचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात जाऊ देऊ नका. पोक्सोची ही सक्ती मात्र लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. मारहाण किंवा उपासमार दिसली तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा.