परभणीहून कॅनडाला ॲनिमेशन शिकायला येणाऱ्यासाठी: पहिल्या वर्षी नेमकं काय करून घेतात

भावा, तू लिहिलंयस की चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे, बारावी यंदा होईल, मग कॅनडात ॲनिमेशनच्या डिग्रीला यायचंय, डिस्नेचा ॲनिमेटर ग्लेन कीन, त्याचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला बीस्ट बघून येडा झालायस आणि त्याच्या स्टाइलमधी वहीभर चित्रं काढून ठेवलीस, ती पोर्टफोलिओत, म्हणजे ॲडमिशनसाठी पाठवायच्या चित्रांच्या संचात, टाकू का आणि आतापासून कोणतं सॉफ्टवेअर शिकू. मी मूळचा सेलूचा, टोरोंटोजवळ राहतो, इथंच शिकलो अन आता टीव्ही सिरीजवर ॲनिमेटर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगायलोय.

ती चित्रं टाकू नको. कीन वाईट म्हणून नाही, मलाही लई आवडतो. पण त्याची ओरिजिनल पेन्सिल ड्रॉइंगं बघ, एकेका खांद्यावर रेघांचा नुसता गुंता असतो, आणि आपण पोरं नेमका तो गुंताच उचलतो, कारण तो भारी दिसतो. त्याच्यासाठी ती स्टाइल नाहीच, तो कागदावर आकार चाचपडत असतो, वजन कुठं पडायलंय ते शोधत असतो, मग क्लीनअपवाले त्यातली एक रेघ धरून स्वच्छ काढायचे. १९९१ च्या पिच्चरमधला बीस्टसुद्धा असाच जमवलेला आहे, डोकं बायसनचं, भुवया गोरिलाच्या, आयाळ सिंहाची, सुळे रानडुकराचे, धड अस्वलाचं, पाय आणि शेपूट लांडग्याचं. हे सगळं त्यानं खऱ्या जनावरांवरून काढलं, दुसऱ्याच्या कार्टूनवरून नाही. तुझ्या वहीत बीस्ट आहे पण बायसन नाही, आणि पोर्टफोलिओ बघणाऱ्याला ते एका मिनिटात कळतं.

आता पहिलं वर्ष. पहिला असाइनमेंट म्हणजे चेंडू. खरंच, फक्त उड्या मारणारा चेंडू, आणि त्यावर वर्गातल्या भल्याभल्यांची जिरते. सेकंदाला २४ फ्रेम, एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ ड्रॉइंगं. चेंडू वर पोचला की वेग कमी होतो म्हणून तिथली ड्रॉइंगं एकमेकाला चिकटून येतात, जमिनीकडं येताना लांब लांब. जमिनीला टेकला की चपटा करायचा पण आकारमान तेवढंच ठेवायचं, रुंद केला तर उंची कमी झालीच पाहिजे, नाहीतर चेंडू फुगल्यासारखा दिसतो. सर कागद बोटांत धरून फडफडवून बघतात आणि विचारतात की हा रबराचा आहे का लोखंडाचा. तुझ्या ड्रॉइंगवरून ते कळत नसेल तर परत करा. रंग नाही, कॅरेक्टर नाही, स्टाइल तर नाहीच नाही.

मग येतं पिठाचं पोतं. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत, फक्त चार कोपरे, आणि त्यातून ते खूश आहे का रुसलंय ते दिसलं पाहिजे. इथं तू परभणीत आहेस याचा फायदा घे. मोंढ्यात जाऊन बस एक दिवस, सोयाबीनची आवक असते तेव्हा. हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा नीट बघ, आधी गुडघे वाकतात, कंबर खाली जाते, एक क्षण थांबतो अन मग झटक्यात वर, आणि चालायला लागला की मान पुढं आणि पावलं आखूड पडतात. त्या वर उचलण्याआधीच्या वाकण्याला इकडं अँटिसिपेशन म्हणतात अन त्यावर अख्खा आठवडा घालवतात. रिकाम्या हातानं परत येणारा तोच माणूस कसा चालतो तेही काढ. नंतर वॉक सायकल, म्हणजे परत परत फिरवता येईल अशी दोन पावलांची चाल, शिकवतात, त्यात पाय टेकला की लगेच पुढच्या पोजमधी शरीर सगळ्यात खाली जातं, गुडघा वजन घेतो, आणि नव्वद टक्के पोरांची चाल तिथंच तरंगायला लागते. हमाल बघितलेल्याची नाही तरंगणार.

लाइफ ड्रॉइंग, म्हणजे समोर माणूस उभा करून त्याचं चित्र काढणं, आठवड्याला असतंच, तीस सेकंदाच्या पोजपासून सुरू. मॉडेल बिनकपड्याचे असतात, घरी आधी सांगायचं का नाही ते तुझं तू ठरव, मी काही बोलणार नाही. जनावरं पण काढ, संभाजीनगरला गेलास तर सिद्धार्थ गार्डनमधलं झू आहे, नाहीतर घरचे बैल-म्हशी काय कमी आहेत. आणि हात, हात लई काढ, पोर्टफोलिओत बहुतेक कॉलेजं हात मागतातच. बाकी तुझं स्वतःचं एक कॅरेक्टर चार बाजूंनी, घरातली एखादी खोली पर्स्पेक्टिव्हमधी, अन छोटा स्टोरीबोर्ड, म्हणजे चौकटी-चौकटीत काढलेली गोष्ट.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नको. इकडं टून बूम हार्मनी जास्त चालतं, कॉलेज शिकवतं, ज्याला चेंडू जमला त्याला ते महिन्यात येतं.

पैशाचं थोडक्यात. फी वेगळी, आणि स्टडी परमिट, म्हणजे तिकडं शिकायचा सरकारी परवाना, काढताना राहण्या-खाण्याचे म्हणून आधी १०,००० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागायचे ते १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. सेमिस्टर चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं, त्यात फी निघत नाही, जो एजंट निघते म्हणतो त्याच्या ऑफिसमधून उठून ये. घरचे शेत विकायचं म्हणत असतील तर थांब, कारण इथं शिकून झाल्यावर काम प्रोजेक्टपुरतं मिळतं, सिरीज संपली की पुढची मिळेपर्यंत दोन-चार महिने बसून काढावे लागतात, आणि हे चांगल्या ॲनिमेटरचंही होतं. वर्षभर थांबून पोर्टफोलिओ पक्का केलास तरी काही बिघडत नाही. कॉलेजच्या साइटवरची पोर्टफोलिओची यादी मात्र स्वतः वाच, दरवर्षी त्यात बदल होऊ शकतो अन एजंट जुनीच देतात.