नुसतं गोल बसून बोलून काय होणार, ताई?

प्रश्न: ताई, मी 21 वर्षांची. खानापूर तालुक्यातल्या गावातनं रोज बेळगावला कॉलेजला येते. मला मुलीच आवडतात हे नववीपासून माहीत आहे, पण कुणाला सांगितलं नाही. आता घरी स्थळं बघायला लागलेत. ऑनलाइन ओळख झालेली एक मैत्रीण म्हणते पुण्याला नाहीतर बेंगळुरात सपोर्ट ग्रुप असतात, तिथं ये. पण नुसतं गोल बसून बोलून काय होणार? माझी अडचण घरात आहे. आणि तिथं ओळखीचं कुणी निघालं तर?

उत्तर: अगं, तुझ्या आईशी बोलायला ग्रुपमधलं कुणी खानापूरला येणार नाही, ते तुलाच बोलावं लागणार, हे खरंय. पण नववीपासून आजपर्यंत ही गोष्ट तू एकदाही मोठ्यानं बोलली नाहीस ना? मी एकदा पुण्यात अशा मीटिंगला बसले होते, एक मुलगी सांगत होती की घरात लग्नाचा विषय निघाला की मी ताटावरनं उठते, तर समोरच्या तिघीचौघी एकदम हसल्या, कारण सगळ्याच उठायच्या! तिचा चेहरा जो मोकळा झाला तो मला अजून दिसतो. मी कितीही चांगलं उत्तर लिहिलं तरी तो मोकळेपणा मला देता येणार नाही बघ.

आणि नुसतं बोलणंच नसतं. कुणी आधी बहिणीला सांगितलं, कुणी नोकरी लागेपर्यंत गप्प राहिलं, कुणाला घरच्यांनी "बरं करायला" डॉक्टरकडे नेलं आणि तिथं ती काय बोलली, हे सगळं ऐकायला मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतनं काढलीय, 2018 ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधनं सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले, पण हे बापासमोर कसं मांडायचं ते जिनं मांडलंय तिच्याकडनंच शिकावं.

बेंगळुरात गुड ॲज यू आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट, दोन्ही 1994 पासूनचे. पुण्यात समपथिक ट्रस्टनंही हे काम केलंय. जायच्या आधी विचार, मुलींची वेगळी बैठक असते का, कारण बऱ्याच ठिकाणी मुलगेच जास्त असतात आणि एकटी मुलगी तिथं अवघडते. भाषेचंही विचार, मनातलं बोलायला आपली मराठीच लागते की नाही. एवढ्या लांब जायला घरी काय सांगणार हा प्रश्न आहेच, म्हणून आधी ऑनलाइन मीटिंग असेल तर तिथनं सुरुवात कर, पण घरातनं नको, कॉलेजात एखादा रिकामा कोपरा बघ.

ओळखीचं कुणी निघालं तर? तेही त्याच कारणानं आलेलं असणार की. चांगल्या ग्रुपमध्ये खऱ्या नावाची सक्ती करत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. मात्र ग्रुप आहे म्हणून कुणी एकटीला रूमवर बोलवत असेल किंवा आधी फोटो मागत असेल तर अजिबात जायचं नाही.

एखादी रात्र फारच जड गेली तर 14416 ला फोन लाव, टेलीमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. स्थळाचं आत्ता "शिक्षण पुरं होऊ दे" एवढंच म्हण. आणि पहिल्या मीटिंगला काही बोलली नाहीस तरी चालतं, हवं ते नाव सांग आणि ऐकत बस.