दलाली वाचली, टॅक्समध्ये गेली

नमस्कार. तुम्ही विचारलंय की बडोद्यातल्या मांजलपूरचा फ्लॅट विकून या हिवाळ्यात कॅनडाला निघायचंय. दलाल एक टक्का मागतोय, आणि एक वेबसाइट एकदाच ठरावीक पैसे घेऊन ‘दलाली शून्य’ म्हणतेय, तर तिच्याकडे जावं का? शिवाय घाई न करता, तिकडे पोचून निवांत विकलं तर चालेल का? पहिल्याचं उत्तर: जा, पण ते पैसे कशाचे आहेत ते ओळखून जा. दुसऱ्याचं: शक्यतो नको. चूक महागात पडते ती दुसऱ्या प्रश्नात, म्हणून आधी तेच सांगतो, आणि माझ्याच आकड्यांनी सांगतो.

कारेलीबागेतला माझा फ्लॅट मी २००९ च्या दिवाळीत घेतला, सगळा खर्च धरून १४ लाखांना. २०१६ साली इथे कॅनडात, ओंटारिओत आलो तेव्हा तो भाड्याने दिला. ‘विकू की, काय पळून जातोय का,’ असं म्हणत आठ वर्षं गेली. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत ४६ लाखांना दिला. दलाल नव्हता, म्हणजे ४६ हजार वाचले म्हणून मी खूश. मग सीएने कागदावर हिशेब मांडून दाखवला. २३ जुलै २०२४ नंतर जुन्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो आणि महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, मिळत नाही. पण भारतातल्या रहिवाशाने त्या तारखेआधी घर घेतलेलं असेल तर त्याला जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशन धरून वीस टक्क्यांनी हिशेब करायची मुभा ठेवली आहे. जे कमी येईल ते भरायचं. एनआरआयला ती मुभा नाही.

माझा नफा ३२ लाख, त्यावर सेस (करावरचा उपकर) धरून १३ टक्के, म्हणजे ४ लाख १६ हजार. मी त्या वर्षी रहिवासी असतो तर १४ लाखांचे इंडेक्सेशनने ३४ लाख ३४ हजार धरले असते, नफा ११ लाख ६६ हजार उरला असता आणि कर २ लाख ४२ हजारांच्या आसपास. म्हणजे ४६ हजार वाचवले आणि पावणेदोन लाख घालवले. वेबसाइटचे पैसे वेगळेच. तुमचा फ्लॅट अलीकडचा असेल तर हा फरक इतका पडणार नाही, कदाचित साडेबारा टक्केच स्वस्त पडतील. पण दोन्ही हिशेब करून घ्या, आणि ते रहिवासी असतानाच करून घ्या.

यात तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे. रहिवासी की नाही हे आर्थिक वर्षातल्या दिवसांवर ठरतं. एप्रिलपासून १८२ दिवस भारतात काढले असतील, तर डिसेंबरात विमानात बसलात तरी ३१ मार्चपर्यंत त्या वर्षाचे तुम्ही रहिवासीच. म्हणजे निघायच्या आधी दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, झाला तर उत्तम, नाहीच झाला तर मार्चची कड आहे. पुढचा एप्रिल उजाडू देऊ नका.

एनआरआय म्हणून विकण्यातलं दुसरं दुखणं टीडीएसचं, म्हणजे घेणारा किमतीतून आधीच कापून सरकारात भरतो त्या कराचं. रहिवासी विकत असेल तर घेणारा ५० लाख आणि वरच्या व्यवहारावर एक टक्का कापतो, त्याखाली काहीच नाही. एनआरआयच्या बाबतीत ५० लाखांची सूटच नाही. माझ्याकडून घेणारे बिचारे साधे पगारदार. त्यांच्या सीएने सांगितलं, पूर्ण रकमेवर कापा, नाहीतर नोटीस तुम्हाला येईल. ४६ लाखांवर १३ टक्के म्हणजे ५ लाख ९८ हजार! कर ४ लाख १६ हजार आणि कापणार सहा लाख. मग कमी टीडीएसच्या सर्टिफिकेटसाठी इन्कम टॅक्सकडे अर्ज करा, आणि ते येईपर्यंत घेणाऱ्याला ‘भाऊ, थांबा जरा’ म्हणून रोज समजवा. ते थांबले हे माझं नशीब.

आता वेबसाइट.

तुम्हाला कॅनडातल्या कुणीतरी ‘फ्लॅट फी’चं, म्हणजे एकदाच घ्यायच्या ठरावीक पैशांचं, कौतुक ऐकवलेलं दिसतंय. मी इथलं माझं टाउनहाउसही २०२३ मध्ये तसंच विकलं, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव आहे. इथे एमएलएस म्हणून सगळ्या एजंटांचा एक सामाईक चोपडा असतो. तुमचं घर त्यात चढलं की गावातल्या प्रत्येक एजंटला दिसतं. पूर्वी त्यात चढायचं तर एजंटची अख्खी सेवा घेणं आलं. २०१० मध्ये कॅनडाच्या कॉम्पिटिशन ब्युरोचा रिअल इस्टेट असोसिएशनशी समझोता झाला, तेव्हापासून नुसती नोंद करण्यापुरते पैसे देता येतात. काहीशे डॉलरात घर चोपड्यात, बाकी फोन, भाव, घासाघीस सगळं तुमचं तुम्ही. आणि एवढं करूनही घेणाऱ्याच्या एजंटला मी दोन टक्के दिलेच, कारण न देणाऱ्याच्या दारात एजंट गिऱ्हाईक आणायला नाखूश असतात. तरी परवडलं.

बडोद्यात तसा सामाईक चोपडा नाहीच. प्रत्येक दलालाची वही त्याच्या खिशात. त्यामुळे तिथे वेबसाइटचे ठरावीक पैसे म्हणजे रस्त्यावर लावलेल्या पाटीचं भाडं. पाटी मोठी, दिवे लावलेली, पण पाटीच. ती घर दाखवत नाही, कागद तपासत नाही, बानाखताच्या (विक्रीच्या कराराच्या) दिवशी शेजारी बसत नाही. फुकट जाहिरातही टाकता येते, ९९ एकर्सवर किंवा मॅजिकब्रिक्सवर. पैसे भरले की वरच्या रांगेत दिसता, एवढाच फरक.

मी नव्वद दिवसांचं पॅकेज घेतलं. कोणती कंपनी ते विचारू नका, कारण चूक तिची नव्हती. मी हुशारीने गणपती उठल्यावर पैसे भरले, २०२४ च्या १८ सप्टेंबरला. त्याच दिवशी पितृपक्ष लागला. पुढे नवरात्र, आणि बडोद्यात नवरात्रात गरबा सोडून कोण घर बघायला येतंय? मग ‘दिवाळी जाऊ द्या.’ दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, थोडी हालचाल झाली, आणि डिसेंबरच्या मध्यावर माझं पॅकेज संपलं त्याच आठवड्यात कमुर्ता, म्हणजे धनुर्मास, बसले. आता उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, शुभ काम नाही. पैसे भरून नव्वद दिवसांचा अख्खा अशुभ काळ विकत घेणारा माणूस मीच! तुम्ही पंचांग उघडून मगच पैसे भरा. आपण मानत असू-नसू, घेणाऱ्याची आजी मानते.

फोन पुष्कळ आले. ओंटारिओत पहाटे चारला फोन वाजायचा आणि पलीकडून ‘पार्टी तैयार छे, साहेब’. दलालच. मालकाच्या जाहिरातीवर सर्वात आधी तेच झडप घालतात. शेवटी नंबर मामेभावाचा दिला आणि त्याला एक दोनशेपानी वही घ्यायला लावली. प्रत्येक फोनचं नाव, कुठून, कर्ज काढणार की नाही, काय म्हणाला. ज्यांनी फ्लॅट घेतला त्यांचं नाव त्या वहीत नोव्हेंबरमध्ये लिहिलेलं होतं, पुढे शेरा: ‘आवडला. उतरायण पछी,’ म्हणजे संक्रांतीनंतर. पॅकेज संपून महिना झाल्यावर मामेभावाने वही उघडून त्यांना फोन केला.

जाहिरातीचा मजकूर वेबसाइटवाल्यांनी तयार करून दिला होता, इंग्रजीत, आणि फोटोही त्यांच्याच माणसाने काढले. त्या फोटोत आमचं देवघर कपाटासारखं दिसत होतं आणि हॉल क्रिकेट खेळण्याएवढा. लोक येऊन हिरमुसायचे. मग मामेभावाने फोनवर साधे फोटो काढले, मजकूर गुजरातीत लिहिला: कितवा मजला, लिफ्ट, गॅसची पाइपलाइन, म्युनिसिपालिटीच्या पाण्याची वेळ, मेंटेनन्स किती, आणि पुराबद्दल एक ओळ.

ती ओळ महत्त्वाची. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली ते तुम्ही पाहिलंच आहे. आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं होतं. आधी आम्ही ते बोलत नव्हतो. एकदा एक वयस्कर गृहस्थ आले, फ्लॅट वर बघितलाच नाही, थेट पार्किंगच्या भिंतीपाशी गेले. नव्या चुन्याखाली पाण्याची रेघ पुसट दिसत होती. त्यांनी जमिनीपासून वीत लावत मोजलं, चार वीत आणि चार बोटं, हात झटकला आणि गेले. तेव्हापासून जाहिरातीतच लिहिलं, की पाणी पार्किंगपर्यंत आलं, मीटर वर बसवलेत, आपला मजला दुसरा. फोन कमी झाले, पण येणारा बघून मान हलवून परत जाईना.

आता कागद, कारण दलाल नाही म्हणजे हे काम तुमचं. दलालीतून वाचलेल्यातले थोडे वकिलावर खर्च करा, तिथे कंजूषपणा नको. मूळ दस्तावेज आणि त्याआधीची साखळी, इंडेक्स (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत, वेरा (घरपट्टी) भरल्याच्या पावत्या, लाइटबिल, रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि बीयू (इमारत वापरायची परवानगी). घेणारा कर्ज काढणार असेल तर बीयू नाही म्हटल्यावर बँक तिथेच उठते. तुमच्यावर कर्ज असेल तर फेडल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातलंय, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. हे तारखेत धरून चाला.

आणखी एक, बडोद्यातलं: तुमचा भाग अशांत धाऱ्यात, म्हणजे गुजरातच्या अशांत क्षेत्र कायद्यात, येतो का ते पहिल्याच दिवशी बघा. १९९१ च्या त्या कायद्याखाली जाहीर केलेल्या भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय दस्तावेज होत नाही, घेणारा-विकणारा कोणीही असो. परवानगीला लागणारा वेळ ना वेबसाइट कमी करू शकते ना दलाल.

भाव ठरवताना घेणाऱ्याचा खर्चही डोक्यात ठेवा. गुजरातमध्ये स्टॅम्प ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का, बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणीचा एक टक्का माफ. आमच्याकडे शेवटचे पंचवीस हजार अडले तेव्हा मामेभावाने एवढंच सुचवलं, ‘वहिनींच्या नावावर घ्या ना.’ व्यवहार तिथेच मिटला.

‘चेकचे किती, रोकडे किती?’ हा प्रश्न येणारच. रोख नको म्हणा. वीस हजार आणि वर रोखीत घेतलं तर तेवढाच दंड होऊ शकतो, हा कायदा आहेच. पण तुमचं त्याहून मोठं कारण हे, की ती रोकड तुम्ही घेऊन जाणार कुठे? कॅनडावाले निधी बघतात तो बँकेतला, घराची किंमत त्यात धरत नाहीत आणि पिशवीतल्या पैशाला तर पुरावाच नसतो. चेकचा पैसा रहिवासी असताना खात्यात आला तर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत सरळ पाठवता येतो. एनआरआय झाल्यावर तो एनआरओ खात्यातून (एनआरआयच्या भारतातल्या कमाईचं रुपयांतलं खातं) जातो, तिथे मर्यादा दहा लाख डॉलरची आहे, पण सीएचं प्रमाणपत्र आणि फॉर्म आलेच.

एवढं करूनही विकायचं राहिलंच, तर दोन गोष्टी करून निघा. एक, निघायच्या सुमारास सरकारमान्य व्हॅल्युअरकडून फ्लॅटची किंमत लिहून घ्या. कॅनडा तुम्ही तिथे पोचलात त्या दिवशीची किंमत धरतो आणि नंतरच्या वाढीवरच कर मागतो, पण ती किंमत दाखवायची जबाबदारी तुमची. दोन, मुखत्यारपत्र बडोद्यातच नोंदवून जा, फक्त या एका फ्लॅटपुरतं, सर्वाधिकार नाही. मी इथून केलं: नोटरी, मग अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का), कुरिअर, आणि तिथे पोचल्यावर तीन महिन्यांत स्टॅम्प. त्यात दस्तावेजात आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, इथल्या कागदांवर वडिलांचं नावच नाही. दोन्ही माणसं एकच आहेत असं मला माझ्याच बाबतीत शपथेवर लिहून द्यावं लागलं.

मांजलपूरला भाव काय चाललाय ते वेबसाइटवरच्या मागण्यांवरून ठरवू नका, त्या मागण्याच असतात. तुमच्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात झालेल्या दोन दस्तावेजांच्या इंडेक्सच्या नकला काढा, थोडेसे पैसे लागतात. जंत्री, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव, २०२३ च्या एप्रिलपासून फ्लॅटसाठी जवळजवळ दुप्पट झाली, त्यामुळे कागदावरचा आकडा आता पूर्वीइतका खोटा नसतो. घर घेतलेलं वर्ष आणि किंमत कळवलीत तर इंडेक्सेशनचा हिशेब मी मांडून पाठवतो. मात्र फोन तुमच्या संध्याकाळी सातनंतर करा, पहाटे चारच्या फोनची मला आता धास्ती बसली आहे.