वडिलांना महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) आहे, थंडी वाजून ताप येतोय. कल्चरसाठी (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) लघवी पिशवीतून घेऊन चोपड्याहून जळगावला पाठवली तर चालेल का?

पिशवीतून अजिबात घेऊ नका. तिथे लघवी तासन् तास साचते, जंतू वाढतात, रिपोर्ट चुकतो आणि नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतात.

नमुना नळीवरच्या सॅम्पलिंग पोर्टमधून, म्हणजे नमुना घेण्यासाठीच्या छोट्या तोंडातून घेतात. पोर्टच्या खाली नळी 10-15 मिनिटं क्लॅम्प केली (चिमट्याने दाबून बंद केली) की ताजी लघवी वर जमते. पोर्ट स्पिरिटच्या स्वॅबने चोळून पुसायचा आणि वाळू द्यायचा. घाईत नेमकं हे वाळणंच राहतं. मग निर्जंतुक सिरिंजने 10 मिली ओढून निर्जंतुक डबीत. क्लॅम्प लगेच काढायचा, नाहीतर लघवी तुंबते. नळी पिशवीपासून सोडवायची नाही. हे सगळं सिस्टरकडूनच करून घ्या.

पण महिन्याची नळी म्हटल्यावर आतून जंतूंचा थर चिकटलेला असणारच. म्हणून डॉक्टरांना आधी नळी बदलायला सांगा आणि नमुना नव्या नळीतून घ्या, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. ताप आहे म्हणून तपासणी योग्यच आहे. लघवी नुसती गढूळ दिसते, वास येतो, एवढ्यावर मात्र कल्चर करू नये. इतक्या दिवसांच्या नळीत जंतू जवळपास सगळ्यांनाच सापडतात.

आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात पारा 44 च्या पुढे असताना एसटीत डबी तापली तर सगळं वाया. आइसपॅक घातलेल्या डब्यातून दोन तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, 24 तासांच्या आत लॅबला द्या. डबीवर ‘कॅथेटरमधून’ असं लिहा.

हुडहुडी वाढली किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात न्या.