द्राक्षपट्ट्यातले शांत रस्ते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ठाण्यात राहतो आणि नियमित सायकल चालवतो. जानेवारीतल्या एका रविवारी नाशिकला येऊन गंगापूर-सावरगाव रस्त्याने एका नामांकित वायनरीपर्यंत गेलो. बागांमधून जाणारा निवांत रस्ता मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मोटारींची रांग, हॉर्न आणि धूळच वाट्याला आली. नाशिकच्या वाइन-पट्ट्यात सायकलसाठी खरोखर शांत रस्ते उरले आहेत का?
— एक वाचक दांपत्य, ठाणे

उत्तर : उरले आहेत, आणि पुष्कळ आहेत, मात्र वायनरीचे फाटक हा मुक्काम धरून रस्ता शोधायला निघालो तर ते सापडत नाहीत. गंगापूर धरणाच्या परिसरात गोवर्धन आणि गंगाव्हरे या गावांच्या शिवारात वायनरी जवळजवळ आहेत, मुंबई-पुण्याची गर्दी शनिवार-रविवारी तिथेच लोटते आणि त्या सगळ्यांना जायला मुख्य रस्ता एकच आहे. तोच रस्ता मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेसहाला पाहिला, तर आपल्याला तो ओळखूही येणार नाही. सुट्टीच्या दिवशी जाणे भागच असेल, तर नऊच्या आत त्या भागातून बाहेर पडावे, एवढेच मी सांगेन.

शांतता हवी असेल तर द्राक्षबागायतदारांच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांकडे वळावे. जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षे खाण्याची आहेत आणि वाइनच्या द्राक्षांची लागवड त्यांच्याच अधूनमधून विखुरलेली आहे. त्यामुळे ज्या शिवारात वायनरी नाही, तिथेही दोन्ही बाजूंना बागाच बागा लागतात आणि पर्यटकांची मोटार क्वचितच दिसते. हे रस्ते बहुधा पावणेचार मीटर रुंदीचे, म्हणजे एकपदरी असतात. समोरून ट्रॅक्टर आला की एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. हीच अडचण सायकलस्वाराच्या पथ्यावर पडते, कारण अशा रस्त्यावर कोणी भरधाव जाऊ शकत नाही आणि लांबचा प्रवासी तो आपणहून टाळतो.

पहिला मार्ग म्हणून मी मखमलाबादहून निघून दरी, मातोरी, मुंगसरे या गावांवरून गिरणाऱ्याकडे जाणारा रस्ता सुचवतो. शहर सोडल्यावर थोड्याच वेळात बागा सुरू होतात, चढ अंगावर येत नाहीत, आणि उत्तरेला रामशेजचा किल्ला बराच वेळ सोबत करतो. गिरणारे हे टोमॅटोच्या बाजाराचे गाव आहे. हंगामात दुपारनंतर तिथे पिकअप गाड्यांची दाटी होते, म्हणून सकाळी पोहोचून चहा घ्यावा आणि माघारी फिरावे. ज्यांच्या पायांत अजून जोर असेल त्यांनी पुढे धोंडेगाव आणि काश्यपी धरणाच्या दिशेला जावे. तिथे बागा विरळ होत जातात आणि भातशेती व डोंगर सुरू होतात.

दुसरा भाग दिंडोरी तालुक्याचा. नाशिक-दिंडोरी-वणी हा मुख्य रस्ता सायकलसाठी मी सुचवणार नाही. त्यावर गुजरातकडची जड वाहतूक असते. त्याच्या पूर्वेला जानोरी, मोहाडी, पालखेड बंधारा ही गावे आहेत आणि पुढे खेडगाव, जोपूळच्या बाजूला रस्त्यांचे जाळेच आहे. माझ्या मते संपूर्ण जिल्ह्यात सायकलसाठी याहून चांगला प्रदेश नाही. कादवा नदीवरची करंजवण आणि पालखेड ही धरणे आणि त्यांचे कालवे यांच्यामुळे हा मुलूख बागायती झाला. कालवा उताराच्या कलाने वळत जातो आणि त्याच्या जवळून जाणारे रस्तेही फारशी चढउतार न करता जातात. दोन गावांमधले अंतर अनेकदा चार-पाच किलोमीटरच असते. त्यामुळे पाणी, चहा, पंक्चरचे दुकान यांची चिंता राहत नाही आणि थकवा आला तर फेरी कुठूनही आखडती घेता येते.

वाइनची बाग ओळखायची खूणही सांगून ठेवतो. खाण्याच्या द्राक्षांच्या वेली इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या अँगलवर किंवा मांडवावर चढवलेल्या असतात, त्यामुळे घड पानांच्या छताखाली लोंबतात. जानेवारीत अनेक घडांना उन्हापासून जपण्यासाठी वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले दिसतात. वाइनच्या बागेत वेली तारांवर सरळ उभ्या भिंतीसारख्या वाढवतात, घड लहान आणि घट्ट असतात आणि मणी बारीक, जाड सालीचे व बियांचे असतात. सायकलच्या वेगाने जाताना हा फरक स्पष्ट दिसतो. मोटारीतून तो सहसा सुटतो.

रात्री पाहुणचारासाठी वायनरीत जायला काहीच हरकत नाही. फक्त सायकल चालवणे आधी संपवावे आणि वाइन नंतर घ्यावी. एकपदरी रस्त्यावर तोल आणि नजर दोन्ही लागतात, आणि ‘दोनच घोट घेतले आहेत’ हे कारण तिथे चालत नाही.

प्रश्न : कोणत्या महिन्यात यावे? मित्र पावसाळा सुचवतात. मला मात्र द्राक्षे लागलेली बाग पाहायची आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मग जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरावा. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यातून पुढे फळ देणारी काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, जिच्यातून घड येतात. पावसाळ्यात बाग हिरवीगार असते, पण घड नसतात. युरोपातली द्राक्षे शरदात उतरतात, तर आपली थंडी सरताना, हे अनेकांच्या लक्षात नसते आणि ते सप्टेंबरात येऊन निराश होतात.

थंडीला मात्र हलके घेऊ नये. निफाडचा पारा दर हिवाळ्यात राज्याच्या नीचांकांत असतो, हे आपण बातम्यांत वाचत असालच. पहाटे हातमोजे नसतील तर ब्रेक दाबायला बोटे वळत नाहीत. निफाड तालुक्यात येणारच असाल, तर सायखेड्यावरून म्हाळसाकोऱ्याकडे आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाकडे जाणारा सपाट रस्ता चुकवू नये. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पक्षी अभयारण्य 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले आणि नेमक्या द्राक्षहंगामातच तिथे स्थलांतरित पक्षी असतात. या भागात ऊसवाहतूक असते. उसाने भरलेली ट्रॉली मागून येताना दिसली की थांबून तिला पुढे जाऊ द्यावे, कारण बाहेर आलेल्या उसाचा फटका चालकाला दिसत नाही.

टाळायचे दिवसही आहेत. नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी जाणाऱ्या भाविकांनी वणीचा रस्ता भरलेला असतो, आणि पौष वद्य एकादशीच्या सुमारास निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरकडे चाललेल्या असतात. त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा असतो. आपण दुसरी वाट धरावी.

आपल्या मित्रांचेही म्हणणे खोटे नाही. पावसाळाच हवा असेल तर इगतपुरी तालुक्यात, वाडीवऱ्ह्याहून महामार्ग सोडून सांजेगावच्या बाजूला जावे. तिथे मुकणे धरणाच्या परिसरात भातखाचरांच्या शेजारी वाइनच्या बागा आहेत. पाऊस तिथे जोराचा असतो, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि टायर अठ्ठावीस-बत्तीस मिलिमीटरचे असावेत.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष उत्पादक आहे. सायकलवाले आमच्या रस्त्याने येतात याचा आनंदच आहे, पण काही जण न विचारता बागेत शिरतात, फोटो काढतात, घड तोडतात. त्यांना चार शब्द सांगाल का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : अवश्य, आणि हे पत्र पाठवल्याबद्दल आपले मनापासून आभार. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेतली ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका) ही देश ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून या भागात सायकलीचे कौतुक वाढले आणि गावागावांत सायकलस्वाराचे स्वागत होऊ लागले. त्या स्वागताचा मान राखणे आमच्याच हातात आहे.

सायकलस्वारांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : निर्यातीच्या द्राक्षांची औषधांच्या अंशासाठी प्रयोगशाळेत तपासणी होते. कोणती फवारणी कधी करायची आणि तिच्यानंतर किती दिवसांनी माल काढायचा, हे शेतकरी दिवस मोजून ठरवतो. रस्त्याकडेचा घड तोडून तोंडात टाकणारा माणूस शेतकऱ्याचे नुकसान तर करतोच, पण काल संध्याकाळी त्यावर काय फवारले होते हे त्याला ठाऊकही नसते. द्राक्षे खायची असतील तर मळ्यावर विचारून, पैसे देऊन घ्यावीत. बहुतेक ठिकाणी पैसे घेतले जाणार नाहीत, तरीही विचारावे.

सकाळी आणि सायंकाळी वारा पडलेला असताना ट्रॅक्टरचा औषध फवारणारा ब्लोअर चालू असतो. तो दिसला की लांबच थांबावे, चालकाला हात करावा आणि त्याची ओळ वळेपर्यंत वाट पाहावी. छाटणीच्या दिवसांत काड्या आणि तारेचे तुकडे रस्त्याच्या कडेला येतात, बांधावर वेडी बाभूळ असतेच; म्हणून दोन ट्यूब जवळ ठेवाव्यात. वस्तीवरचा कुत्रा धावून आला तर सायकलवरून उतरून ती आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून चालत जावे. तो राखणीचे काम करतो. त्याच्यावर दगड उगारू नये.

आपल्यालाही एक विनंती आहे. रात्रीच्या विजेवर पाणी भरताना पाट फुटून एकपदरी रस्त्यावर चिखल येतो आणि पहाटेच्या अंधारात तो सायकलस्वाराला दिसत नाही. वळणाच्या आधी विटेवर एखादे पांढरे पोते टाकून ठेवलेत, तरी आम्हाला वेळेवर ब्रेक लावता येईल.