आधी सोडलं, मग विचारलं

“थायरॉइड आहे, तर ग्लुटेन बंद करू का?” आहार समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला सतत येतो. (ग्लुटेन म्हणजे गहू, जव, राय या धान्यांतलं प्रथिन.) कधी थायरॉइडच्या जागी मधुमेह असतो, कधी सांधेदुखी. आणि बऱ्याचदा विचारेपर्यंत माणसानं ते बंद करूनही टाकलेलं असतं. एका बाईंचं तसंच झालं होतं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते.

वय 42. हाशिमोटोचा त्रास, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटलेली. सहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. पाच महिन्यांपूर्वी मैत्रिणीचं ऐकून गहू, जव, राय सगळं सोडलं होतं. माझ्यासमोर बसल्या त्या वही उघडूनच. निळ्या शाईत खाल्लेलं, लाल शाईत चुकलेलं. एका पानावर लाल शाईत फक्त ‘सोया सॉस’ आणि खाली तीन जाड रेघा. (सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो, तेवढं त्यांचं बरोबर होतं.) मी बिस्किटांची बशी पुढे केली, तर चटका बसावा तसा हात मागे घेतला.

“पहिले तीन आठवडे इतकं हलकं वाटलं! आता परत तेच. थकवा, केस गळणं. नक्की कुठूनतरी पोटात जातंय माझ्या.”

घरात त्यांची भांडी वेगळी, पीठ वेगळं. कुणाकडे जेवायला जाणं बंद. मुलगी म्हणे, “आई जेवत नाही, परीक्षा देते.”

मी विचारलं, “सोडण्याआधी सिलिअ‍ॅकची तपासणी केली होतीत?”

नव्हती केली. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो; हाशिमोटो किंवा टाइप 1 मधुमेह असलेल्यांत त्याचं प्रमाण जास्त. म्हणजे यांना शंका यायला जागा होतीच. पण रक्तातली अँटिबॉडीची तपासणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही ग्लुटेन खाणं चालू असतानाच भरवशाच्या. महिनोन्‌महिने बंद ठेवून तपासलं, तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग खरं कळण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे ग्लुटेन खावं लागतं.

हे ऐकून बाई रडायच्या बेतात आल्या. म्हणून आधी दुसरा रस्ता धरला. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून जनुकीय तपासणी करवली, कारण तिला तुम्ही काय खाता याच्याशी देणंघेणं नसतं. सिलिअ‍ॅकच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत डीक्यू 2 किंवा डीक्यू 8 यांपैकी एक तरी जनुक सापडतो. सापडला म्हणजे आजार आहेच असं नाही, तो निरोगी माणसांतही भरपूर आढळतो. पण दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅकची शक्यता जवळपास संपते.

यांच्यात दोन्ही नव्हते.

मला वाटलं, आता सुटकेचा निःश्वास टाकतील. त्या रिपोर्टकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग पाच महिने मी हे कशासाठी केलं?” त्या दिवशी आहारावर काहीच बोललो नाही. आजाराचं नाव मिळालं असतं तर घरच्यांपुढे हट्टाला आधार मिळाला असता. तो गेल्याचं दुःख खरं होतं.

पुढच्या भेटीत मात्र मी वहीची पानं मागून पुढे चाळली. ग्लुटेन सोडल्यावर ‘पोषण कमी पडेल’ म्हणून त्यांनी लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. कधी घेता? “सकाळीच, थायरॉइडच्या गोळीबरोबर. विसरायला नको ना!” घ्या. लोह आणि कॅल्शियम ती गोळी शरीरात नीट शोषू देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) तपासला, वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरी पडत नव्हती. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, फक्त वेळा बदलल्या. आठ आठवड्यांनी टीएसएच खाली आला आणि थकवाही बराच ओसरला.

आणि ते सुरुवातीचं हलकं वाटणं? ते खोटं नव्हतं. गव्हाबरोबर रात्रीचं पाकिटबंद खाणंही सुटलं होतं. शिवाय गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात, ती काहींच्या आतड्यात आंबून पोट फुगवतात. बदनाम होतं ग्लुटेन. अशांना गहू थोडा कमी करून भागतं, वेगळी भांडी लागत नाहीत. सिलिअ‍ॅक नसेल तर ग्लुटेन सोडून हाशिमोटो बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही.

ज्यांना सिलिअ‍ॅक खरंच आहे, त्यांनी यातून सवलत काढू नये. त्यांच्यासाठी ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसलेलं अन्न, तेही जन्मभर, आणि तिथे वेगळी भांडी हा हट्ट नव्हे.

शेवटच्या भेटीत बशी मी मुद्दामच पुढे केली. बाईंनी एक बिस्किट उचललं, बरोबर मध्ये मोडलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं रुमालात गुंडाळलं.

“हे उद्या. आज रात्री पोट काय म्हणतंय ते आधी बघते.”

वहीत नोंद केली, निळ्या शाईत.