आजीचे आकडे कन्नडच राहू द्या

प्रश्न: आम्ही निपाणीचे. मुलगी सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्सला आहे. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा देणार नाही, अ‍ॅनिमेशनच करणार म्हणते. तिने आजीवर छोटी फिल्म केलीय, सोबत पाठवतो. त्यात आजी कन्नडमध्ये मोजते. मी म्हटलं, करायचंच तर गडकिल्ल्यांवर कर, निदान शुद्ध मराठीत कर. सीमाभागात राहून आपणच आपली ओळख पुसायची का? चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही.

उत्तर: फिल्म आधी पाहिली, पत्र नंतर वाचलं. बरं झालं. चाळीस सेकंदांत आजी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते. पानात तंबाखू, बोटांची एक फिरकी, दोऱ्याचे वेढे, तोंड नखाने दुमडलेलं. नातीशी मराठीत बोलते आणि मोजताना ओंदु, एरडु, मूरु. त्या तुमच्याच आई ना? घरी तशाच मोजतात ना? मग पोरीने खोटं काय दाखवलं?

मला मार्कांची काळजी नाही. १९५६ पासूनचं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं भांडण तुम्ही सतरा वर्षांच्या मुलीच्या चित्रवहीवर आणून ठेवलंत, याची आहे. मोर्चाला तुम्ही खुशाल जा. तिला हातात झेंडा धरूनच चित्र काढायला लावू नका.

फेटा, तुतारी, बुरूज दिसला की संस्कृती दिसली, हा तुमचा समज काढून टाका. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या अ‍ॅनिमेशनपटाला २००३ साली ऑस्कर मिळालं. त्यातली मुलगी बॉयलरपाशी बूट-मोजे काढून ठेवते आणि काजळीचे इवलेसे काळे जीव ते सांभाळतात. गोष्ट भुताखेतांची, पण जपान दिसतो तो अशा बारक्या सवयींत. आणि शुद्धतेचंच म्हणाल, तर विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक उभं केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. १८८० साली संगीत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर तुमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कन्नड कानावर पडल्याने त्यांचं मराठी बाटलं नाही. (बाटलं असतं तर आपण आज कुठली नाट्यपदं गुणगुणलो असतो?)

परीक्षांचं थोडक्यात: डिझाइन शिकायला दोन प्रवेश परीक्षा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटीची यूसीड. दोन्हींना पीयूसीची कुठलीही शाखा चालते. नोकरीची हमी देणाऱ्या सहा महिन्यांच्या सॉफ्टवेअर क्लासला मात्र एक रुपया देऊ नका. नीटचा फॉर्म तिच्या मनाविरुद्ध भरू नका, तेही पैसे वाचतील.

फिल्ममध्ये एक चूक आहे, ती तिला सांगा. पानं कोरडी दिसतात. कोरडं पान वळताना फाटतं. आजी पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत असणार, ते चित्र सुरुवातीला हवं. कसं ते आजीलाच विचारायला सांगा, आणि तेव्हा तुम्हीही तिथे बसा.